बंदिवानांनी भाजलेल्या विटा : अटलांटा येथील एका स्मारकस्थळाचा अभ्यास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा. या शहराच्या वायव्य सीमेवर, प्रॉक्टर नावाचा ओढा जेथे चॅटाहूची नदीला मिळतो त्या परिसरात, सुमारे ७५ एकरांचे एक आवार आहे. तेथे भव्य इमारत नाही, पुतळा नाही की किल्ल्याची तटबंदीही नाही. जुन्या बांधकामाचे अवशेष, भाजलेल्या विटांचे तुकडे आणि त्यांवर माजलेले रान, एवढेच तेथे दिसते. तरीही २०२२ साली अटलांटा शहराने हे आवार सुमारे २ कोटी ६० लक्ष डॉलर मोजून सार्वजनिक मालकीत घेतले. ज्या माणसांच्या सक्तीच्या श्रमावर येथील वीट कारखाना उभा राहिला, त्यांची स्मृती जतन करणे आणि नदीकाठची ही जमीन लोकांना खुली करणे, हा त्यामागील हेतू होय.

राजवाडे, देवालये, रणभूमी आणि थोर पुरुषांची जन्मस्थाने यांची स्मारके सर्वत्र आढळतात. परंतु जेथे कायद्याच्या आधाराने माणसांना राबविले गेले आणि त्या राबण्यातून एका शहराची भरभराट झाली, अशा कारखान्याचे स्मारक कसे करावयाचे, हा प्रश्न वेगळा आहे. शासकीय अधिकारी, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी यांनी तो विशेष आस्थेने अभ्यासावा असा आहे. कारण या अन्यायाची सुरुवात चाबकाने नव्हे, तर कायद्याच्या कलमाने, करारपत्राने आणि नोंदवहीने झाली होती.

कायद्यातील एक अपवाद

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. त्याच वर्षी राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी नष्ट करण्यात आली. मात्र या दुरुस्तीत एक अपवाद ठेवलेला होता. गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा झालेल्या व्यक्तीकडून सक्तीने काम करून घेण्यास तिने मनाई केली नाही. त्या वेळी या शब्दांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नसेल. परंतु दक्षिणेकडील राज्यांत याच अपवादाच्या वाटेने जुनी गुलामी नव्या वेषात परत आली.

युद्धामुळे या राज्यांचे खजिने रिकामे झाले होते. तुरुंगांची नासधूस झाली होती. रेल्वेमार्ग, गिरण्या आणि शहरे नव्याने उभारावयाची होती, आणि त्यासाठी लागणारे फुकटचे मनुष्यबळ मात्र आता स्वतंत्र झाले होते. अशा वेळी कैद्यांना पोसण्याचा खर्च टाळून उलट त्यांच्यापासूनच उत्पन्न मिळविण्याची युक्ती पुढे आली. कैदी खाजगी ठेकेदाराला ठरावीक रकमेवर भाड्याने द्यावयाचे, आणि त्याने त्यांना खाऊपिऊ घालून, पहाऱ्यात ठेवून, हवे ते काम करून घ्यावयाचे, अशी ही बंदिवान-ठेक्याची पद्धत होती.

जॉर्जियात १८६८ साली तत्कालीन हंगामी गव्हर्नर टॉमस रूगर यांनी १०० धडधाकट कृष्णवर्णी कैदी वर्षाला २,५०० डॉलर घेऊन रेल्वे बांधणाऱ्या एका ठेकेदाराच्या हवाली केले. म्हणजे माणशी वर्षाला अवघे २५ डॉलर राज्याच्या तिजोरीत पडले. या पहिल्याच वर्षात १६ कैदी मरण पावले. तरीही ही पद्धत बंद न होता वाढतच गेली. १८७६ च्या कायद्याने राज्यातील कैदी तीन कंपन्यांना वीस वर्षांच्या मुदतीने देण्याचे ठरले आणि त्याबद्दल राज्याला एकूण ५ लक्ष डॉलर मिळावयाचे होते.

कैद्यांना मागणी आली, तसा त्यांचा पुरवठाही वाढला. भटकेपणाविषयीच्या कायद्यांखाली, आपणास काम आहे असे जागच्या जागी सिद्ध करू न शकणाऱ्या माणसास अटक करता येत असे. किरकोळ चोरी, जुगार, मोठ्याने बोलणे अशा कारणांवरून कृष्णवर्णी पुरुष, स्त्रिया आणि कोवळ्या वयाची मुले पकडली जात. अनेक ठिकाणी दंडाच्या जोडीला न्यायालयाचा आणि अटक करणाऱ्याचा खर्चही आरोपीवर बसे. तो भरता आला नाही की तेवढ्या दिवसांची मजुरी शिक्षेत मिळविली जाई. थोड्या दिवसांची शिक्षा अशा रीतीने कित्येक महिन्यांवर जाई. गरिबी हाच गुन्हा आणि गरिबी हीच शिक्षावाढ, असे हे चक्र होते.

या पद्धतीचे एक अंग विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. पूर्वीच्या गुलामांच्या मालकाने गुलाम विकत घेण्यासाठी भांडवल गुंतविलेले असे. त्यामुळे गुलाम जगावा, निदान कामास उपयोगी राहावा, एवढा स्वार्थ तरी त्याला असे. ठेकेदाराची अशी कोणतीच गुंतवणूक नव्हती. एक कैदी मेला तर त्याच्या जागी दुसरा मिळत असे. तेव्हा अन्न, वस्त्र आणि औषध यांवर जितका कमी खर्च तितका नफा अधिक, हे त्याचे साधे गणित होते. व्यक्तीच्या क्रूरपणापेक्षा या गणितानेच अधिक माणसे मारली, असे म्हणावे लागेल.

कारखाना आणि त्याचे मालक

१८६४ मध्ये युद्धात जळून गेलेले अटलांटा शहर पुन्हा झपाट्याने उभे राहत होते. घरे, कोठारे, पदपथ, गटारे या सर्वांसाठी विटा हव्या होत्या. चॅटाहूचीच्या काठी विटांस योग्य माती होती, जवळच रेल्वेमार्ग होता आणि शहराची बाजारपेठ होती. तेथे जेम्स इंग्लिश यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात वीट कारखाना काढला. तो चॅटाहूची ब्रिक कंपनी या नावाने ओळखला जाऊ लागला.

इंग्लिश हे समाजाबाहेरचे कोणी गुंड नव्हते. दक्षिणेच्या सैन्यात ते कप्तान होते. १८८१ पासून काही काळ ते अटलांटाचे महापौर होते. पुढे ते बँकेचे अध्यक्षही झाले. शहराच्या प्रतिष्ठित नागरिकांत त्यांची गणना होत असे. शहराच्या विकासात त्यांचा वाटा मोठा होता हे खरे आहे, आणि तो वाटा कोणाच्या श्रमातून आला हेही तितकेच खरे आहे. १८९७ साली राज्यातील २,८८१ बंदिवान मजुरांपैकी १,२०६ जण इंग्लिश यांच्या निरनिराळ्या उद्योगांच्या ताब्यात होते.

वीटभट्टीचे काम आपल्याकडील ग्रामीण वाचकास अपरिचित नाही. माती खणावी, ती मुरू द्यावी, साच्यात घालून विटा पाडाव्यात, त्या वाळवाव्यात, भट्टीत रचाव्यात आणि भाजून झाल्यावर काढाव्यात, हा क्रम सर्वत्र तोच. चॅटाहूचीच्या काठी हेच काम बंदुकीच्या पहाऱ्यात चाले. कैदी नदीकाठच्या खाणींतून कुदळ-फावड्याने ओली माती काढीत. मुरलेली माती हजारो साच्यांत भरली जाई. वाळलेल्या विटा वाहणाऱ्या मजुरांना चालण्याची मुभा नव्हती. त्यांनी पळतच ये-जा करावयाची असे, आणि जो मंदावेल त्याच्या पाठीवर चाबूक पडे. कोळशावर पेटलेल्या भट्ट्यांच्या तोंडाशी, अंग होरपळणाऱ्या धगीत, विटा वर फेकून रचाव्या लागत. येथील बहुसंख्य कैदी कृष्णवर्णी होते. जॉर्जियातील वीटभट्ट्यांवर आणि रेल्वेच्या छावण्यांवर स्त्री-कैदीही राबत होत्या, हे इतिहासकार तालिथा लफ्लुरिया यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून पुढे आणले आहे.

१९०८ ची चौकशी

१९०८ च्या उन्हाळ्यात जॉर्जियाच्या विधिमंडळाने या ठेका-पद्धतीची चौकशी केली. चौकशी समितीपुढे अधिकारी, पहारेकरी, माजी कर्मचारी आणि स्वतः कैदी म्हणून राहिलेली माणसे यांच्या साक्षी झाल्या. वीट कारखान्यात पूर्वी काम केलेल्या एका गौरवर्णी साक्षीदाराने सांगितले की तेथे फटके मारण्याचे काम सतत चालूच असे. दिवसाकाठी किती जणांना फटके बसत हे सांगणे अवघड. हाताला विषारी जखम झालेल्या एका वृद्ध कैद्याची हकीगत समितीपुढे आली. छावणीच्या डॉक्टराने त्याच्या हाताचा सडलेला भाग कापून काढला आणि त्याला पुन्हा कामावर पाठविले. इंग्लिश यांनी मात्र आपणास कोणत्याही छळाची माहिती नसल्याचे सांगितले.

या साक्षी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होताच लोकमत खवळले. अटलांटात सभा झाल्या. त्याच वर्षी विधिमंडळाने खास अधिवेशनात कायदा करून कैदी खाजगी ठेकेदारांस देण्याची पद्धत बंद केली आणि १९०९ च्या वसंत ऋतूपासून तो कायदा अंमलात आला.

परंतु येथे इतिहासाचा धडा संपत नाही. खाजगी ठेका बंद झाला, तरी सक्तमजुरी थांबली नाही. रस्ते बांधणीसाठी तेच कैदी आता जिल्हा प्रशासनांकडे सोपविण्यात आले. पायांत साखळदंड घातलेल्या कैद्यांच्या टोळ्या जॉर्जियाच्या रस्त्यांवर पुढे १९४० च्या दशकापर्यंत दिसत राहिल्या. मालक बदलला, पद्धतीचे नाव बदलले. राबणाऱ्याची अवस्था फारशी बदलली नाही. सुधारणेचा कायदा झाल्यावर प्रत्यक्षात काय बदलले हे तपासून पाहण्याची आवश्यकता या उदाहरणातून स्पष्ट होते.

विटांचा हिशेब आणि माणसांचा हिशेब

मे १९०७ अखेर संपलेल्या बारा महिन्यांत या कारखान्याने सुमारे ३ कोटी ३० लक्ष विटा तयार केल्या आणि त्यांची विक्री २ लक्ष ३९ हजार ४०२ डॉलरची झाली. शंभरांहून अधिक वर्षांनंतरही हा आकडा शेवटच्या डॉलरपर्यंत सांगता येतो. याच आवारात किती माणसे मरण पावली, त्यांची नावे काय होती आणि त्यांना कोठे पुरले, याची मात्र अशी पूर्ण नोंद उपलब्ध नाही. आपले पूर्वज याच मातीत असावेत, असे अनेक वंशजांचे मानणे आहे.

विटांचा हिशेब राहिला, कारण विटांना बाजारभाव होता. माणसांचा हिशेब राहिला नाही, कारण एक गेला तर दुसरा फुकटात मिळत होता. कोणत्या गोष्टीची नोंद ठेवली जाते आणि कोणत्या गोष्टीची ठेवली जात नाही, यावरून त्या समाजाने कशाला मोल दिले होते हे कळून येते. चॅटाहूचीच्या स्मारकाचा गाभा हाच आहे. जी नोंद त्या वेळी झाली नाही, ती आता होईल तेवढी करणे, म्हणजेच हे स्मारक होय.

विस्मृतीतून पुनःस्मृतीकडे

कैद्यांचा ठेका संपल्यावरही या आवारात विटांचे उत्पादन अनेक दशके चालू राहिले. मालक बदलत गेले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कारखाना बंद पडला आणि २०११ च्या सुमारास बहुतेक इमारती पाडण्यात आल्या. या दीर्घ काळात शहर वाढले; जुन्या विटा घरांच्या भिंतींत आणि पदपथांत राहिल्या; परंतु त्या कोणी पाडल्या हे सांगणारी पाटी कोठे लागली नाही.

या विषयाकडे देशाचे लक्ष वेधले ते पत्रकार डग्लस ब्लॅकमन यांच्या ‘स्लेव्हरी बाय अनदर नेम’ या ग्रंथाने. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथास २००९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ब्लॅकमन यांनी न्यायालयांची दप्तरे, तुरुंगांच्या नोंदवह्या, करारपत्रे आणि चौकशी समितीपुढील साक्षी यांतून हा इतिहास उभा केला. कोणा लिपिकाने केवळ कर्तव्य म्हणून केलेली नोंद शंभर वर्षांनी अन्यायाचा पुरावा ठरते, हे दप्तर सांभाळणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

यानंतरही ही जागा सुरक्षित नव्हती. नदी, लोहमार्ग आणि मोठी मोकळी जमीन यांमुळे उद्योगांची तिच्यावर नजर होती. तेथे इंधनाची साठवण आणि चढ-उतार करण्याचे केंद्र उभारण्याची योजना पुढे आली. नॉरफोक सदर्न या रेल्वे कंपनीने २०२१ च्या आरंभी कामास हातही घातला. आसपासच्या वस्त्यांतील रहिवासी, बंदिवानांचे वंशज, नदीच्या संरक्षणासाठी झटणारे कार्यकर्ते आणि शहर प्रशासन यांनी त्यास विरोध केला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कंपनीने योजना सोडून दिली आणि पुढील वर्षी एका भूसंवर्धन संस्थेच्या साहाय्याने जमीन शहराकडे आली.

येथे दोन प्रकारच्या मागण्या एकत्र आल्या, हे विशेष होय. एका गटास पूर्वजांची स्मृती हवी होती. दुसऱ्यास स्वच्छ हवा, ओढ्याचे शुद्ध पाणी आणि मुलांना खेळण्यास जागा हवी होती. दोन्ही मागण्यांचे मूळ एकच होते. ज्या वस्त्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या घातक उद्योग आले, त्यांपैकी अनेक कृष्णवर्णी आणि गरीब लोकांच्या होत्या. म्हणून स्मारक म्हणजे गतकाळाकडे पाहणारा केवळ एक दगड न राहता, वर्तमानातील अन्याय दूर करण्याचेही साधन व्हावे, हा विचार येथे रुजला.

स्मारक कसे असावे?

अशा स्थळाचे स्मारक करताना काही प्रश्न प्रथम सोडवावे लागतात. पहिला प्रश्न जमिनीचा. जेथे मानवी अवशेष असण्याचा संभव आहे, तेथे यंत्राने उकरण्यापूर्वी पुरातत्त्वीय पाहणी होणे आवश्यक ठरते. टेक्सास राज्यातील शुगर लँड या गावाचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. तेथे २०१८ साली शाळेच्या इमारतीसाठी खोदकाम चालू असता ९५ व्यक्तींच्या दफनभूमीचा शोध लागला. साखरेच्या मळ्यांवर राबविल्या गेलेल्या बंदिवान मजुरांचे ते अवशेष होते. त्या परिसरात अशी दफनभूमी असावी, असे एक स्थानिक गृहस्थ त्यापूर्वी अनेक वर्षे सांगत होते. अवशेष सापडल्यावर त्यांचे पुढे काय करावे यावरही बराच वाद झाला आणि २०१९ मध्ये त्यांचे तेथेच पुन्हा दफन झाले. स्थानिक माणसाची आठवण हीदेखील एक नोंद असते आणि कामाचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी तिची दखल घ्यावी, हा त्यातील धडा.

दुसरा प्रश्न शब्दांचा. येथे गुन्हेगार काम करीत होते, असे फलकावर लिहिले तर ते कागदोपत्री खरे ठरेल, पण वस्तुस्थितीस धरून होणार नाही. कोणत्या कायद्यान्वये, कोणत्या किरकोळ कारणासाठी आणि कोणाच्या लाभासाठी ही माणसे कैदी ठरविली गेली, हे सांगितल्याखेरीज त्यांची स्मृती अपुरी राहील.

तिसरा प्रश्न मालकीचा. स्मारक कोणासाठी आणि कोणाच्या संमतीने, याचे उत्तर वंशजांना आणि शेजारच्या रहिवाशांना वगळून देता येत नाही. चौथा प्रश्न सौंदर्याचा. नदीकाठी उद्यान झाले, पायवाटा झाल्या, झाडे लावली, हे स्वागतार्हच आहे. मात्र हिरवळीखाली इतिहास पुन्हा झाकला जाऊ नये, एवढी काळजी घ्यावयास हवी.

अंदमान, सोलापूर आणि महाबळेश्वर

भारतीय वाचकास या संदर्भात अंदमानचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये, २०० बंदिवानांची पहिली तुकडी तेथे उतरविण्यात आली. जंगल तोडणे, दलदल भरणे, रस्ते आणि इमारती बांधणे ही सर्व कामे बंदिवानांच्या हातून झाली. चॅथम बेटावरील लाकूड-कापणीचा कारखाना १८८३ पासूनचा. त्यातही बंदिवानांचे श्रम होते. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले, आणि जो तुरुंग पुढे कैद्यांना कोंडण्यासाठी वापरला गेला तो कैद्यांनीच बांधला. गणेश दामोदर सावरकर, विनायक दामोदर सावरकर, वामनराव जोशी आदी महाराष्ट्रीय राजबंद्यांनी तेथे यातना भोगल्या. कोलू फिरवून तेल गाळण्याचे आणि काथ्या कुटण्याचे काम मराठी वाचकांस ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथामुळे परिचित आहे. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी तत्कालीन पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते सेल्युलर जेल राष्ट्रीय स्मारक म्हणून देशास अर्पण करण्यात आले.

हे स्मारक राष्ट्राच्या कृतज्ञतेचे प्रतीक होय. मात्र त्यातील राजबंद्यांची नावे आपण आदराने घेतो, तेव्हा त्या भिंती रचणाऱ्या हजारो अनाम बंदिवानांचेही स्मरण ठेवणे उचित ठरेल. चॅटाहूचीच्या प्रयत्नाचे वेगळेपण येथेच आहे. तेथे कोणी प्रसिद्ध वीरपुरुष नाही. साध्या, अप्रसिद्ध, कायद्याने गुन्हेगार ठरविलेल्या माणसांचे ते स्मारक आहे.

खुद्द महाराष्ट्रातही अशा खुणा आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. या जमातींच्या लोकांना सोलापूर येथे तारेच्या कुंपणातील वसाहतीत ठेवण्यात आले. तेथे हजेरी द्यावी लागे, आणि वसाहतीतील माणसे शहरातील कापड गिरण्यांत कामास जात. जॉर्जियातील ठेका आणि सोलापूरची वसाहत या दोन्ही व्यवस्था एकसारख्या नव्हत्या; पण आधी माणसाला कायद्याने संशयित ठरवावयाचे आणि मग त्याचे श्रम उद्योगाच्या दारी उभे करावयाचे, हे सूत्र दोन्हींत आढळते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती मुक्त झाल्या. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो आणि सोलापुरातील ‘सेटलमेंट’ हे नाव अद्यापही त्या काळाची साक्ष देते.

महाबळेश्वरला जाणारा पर्यटक ‘चायनामन्स फॉल’ हे धबधब्याचे नाव ऐकतो. एकोणिसाव्या शतकात पूर्वेकडील इंग्रजी वसाहतींतून आणलेले चिनी आणि मलायी बंदिवान तेथे ठेवलेले होते. त्यांनी या परिसरात भाजीपाल्याचे मळे केले. नाव राहिले, त्या माणसांची कथा मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आजच्या कर्तव्याची दिशा

भारताच्या राज्यघटनेने या प्रश्नावर स्पष्ट भूमिका घेतली आहे. अनुच्छेद २३ अन्वये माणसांचा व्यापार, बेगार आणि त्यासारखी सक्तीची मजुरी यांना बंदी आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या कैद्याकडून काम घेणे घटनेच्या विरुद्ध नसले, तरी त्या कामाबद्दल त्याला न्याय्य वेतन मिळाले पाहिजे. कैदी झाला म्हणून माणसाच्या श्रमाचे मोल नाहीसे होत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

१९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाने वेठबिगारास मुक्त केले आणि त्याच्या डोक्यावरील वेठीचे कर्ज रद्द ठरविले. अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यांवर असून जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद त्यात आहे. ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतील कातकरी आणि अन्य आदिवासी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर जातात. निघण्यापूर्वी घेतलेला बयाणा, भट्टीवर मिळणारी खावटी आणि हंगामाअखेर मालकाच्या वहीतून होणारा हिशेब, हा क्रम स्थानिक कार्यकर्त्यांस परिचित आहे. जेथे बयाणा फिटला नाही म्हणून मजुरास भट्टी सोडता येत नाही, तेथे चाबूक नसला तरी सक्ती असते. पाडलेल्या विटांची संख्या मालकाच्या वहीत असते; मजुराचे नाव, त्याच्या मुलांची शाळा आणि त्याने केलेल्या कामाचे दिवस यांची नोंदही कोठेतरी असली पाहिजे.

या दृष्टीने ग्रामपंचायतींस पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे. हंगामात गावाबाहेर जाणाऱ्या आणि गावात येणाऱ्या कुटुंबांची नोंद ठेवणे, बयाण्याच्या व्यवहाराविषयी तक्रार आल्यास ती तहसीलदार व दक्षता समितीकडे पोहोचविणे, आणि भट्टीवर मृत्यू अथवा अपघात घडल्यास त्याची रीतसर नोंद होते की नाही हे पाहणे, ही कामे मोठ्या खर्चाची नाहीत. शिक्षकांनी आपल्या परिसरातील जुना रस्ता, धरण, गिरणी वा तुरुंग कोणाच्या श्रमातून उभा राहिला, याची माहिती गावातील वृद्धांकडून विद्यार्थ्यांकरवी गोळा करावी. दुष्काळी कामावर खडी फोडलेली माणसे, गिरणीत आयुष्य घालविलेली माणसे अद्याप गावोगाव आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबर नाहीशा होण्यापूर्वी वहीत उतरल्या, तर तेही एक स्मारकच होईल.

अटलांटाने २ कोटी ६० लक्ष डॉलर देऊन जमीन परत मिळविली. हरवलेली नावे मात्र कोणत्याही रकमेने परत मिळविता येणार नाहीत. ती त्या त्या वेळी लिहून ठेवावी लागतात. विटांबरोबर त्या पाडणाऱ्या हातांचीही नोंद आज ज्या कार्यालयात, शाळेत वा पंचायतीत होईल, तेथे उद्या अशा पश्चात्तापाच्या स्मारकाची गरज पडणार नाही.